वरच्याचं मागचं चाक

पंक्चर झालं तेव्हा चढ अजून लागायचा होता.

पाच जणांचा हा गट दरवर्षी या लांबच्या सायकलफेरीत उतरत असे. फेरी दोन दिवसांची आणि नियम एकच, पण कडक: पाचही जणांनी आपल्या पायांवर, एकत्र, शेवटची रेघ ओलांडायची. मागून आयोजकांची गाडी यायची. तिच्यात एक जण जरी बसला तरी उरलेल्या चौघांचीही फेरी अपुरी. गटात एक निवृत्त क्रीडाशिक्षिका होती. तिला सगळे पीटीबाई म्हणत आणि तिच्या गळ्यात अजूनही शिट्टी असे. धंद्याने प्लंबर असलेले दोन जुळे भाऊ होते. एकाने वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्याने संपवायचं. आणि हे दोघे मित्र, चष्मेवाला आणि वरचा.

चष्मेवाल्याचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान होतं. वरचा टॉवर क्रेन चालवायचा. बांधकामावर सगळ्यांच्या डोक्यावर बसणारा, म्हणून वरचा. काही अडलं की जुळे "वरच्याला विचारा" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. दोघं शाळेत एका बाकावर होते, तेव्हापासून त्यांचं गुळपीठ. सायकलींच्या बाबतीत कामाची वाटणी ठरलेली होती. रस्ता, मुक्काम, खाणं वरच्याकडे. दोन्ही सायकली चष्मेवाल्याकडे. "माझी सायकल तू बघ, तुझं पोट मी बघतो," असं वरचा म्हणायचा, आणि इतक्या वर्षांत त्याने आपल्या सायकलीचा एक स्क्रूही फिरवून पाहिला नव्हता. चढावर पुढे कायम वरचा असायचा. चष्मेवाला मागून धापा टाकत पोचायचा, तोवर वरच्याचं अर्धं केळं खाऊन झालेलं असायचं.

यंदा मात्र वरचा वेगळ्या कारणासाठी आला होता. थंडीत त्याला न्यूमोनिया झाला. दवाखाना झाला, मग घरची सक्तीची विश्रांती झाली. आता बांधकामावरच्या मुकादमाने सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. पुन्हा क्रेनवर चढणार, की खाली ऑफिसात टेबल घेणार? केबिनपर्यंत जायला उभी शिडी, आणि तिच्या मध्यावर छातीने दगा दिला तर खाली यायलाही तीच शिडी. डॉक्टरांनी छाती साफ आहे असं सांगितलं होतं, बाकीचं त्याच्यावर सोडलं होतं. वरच्याने स्वतःपुरती एक परीक्षा ठरवली. दुसऱ्या दिवशीचा डोंगराचा लांब चढ पूर्वीसारखा जमला, तर वर जायचं. नाही जमला, तर टेबल.

"टेबलच घे," त्याची बायको म्हणाली होती. "टेबलावरून कुणी पडत नाही."

ती त्याला सोडणारी नव्हती. शेवटी सोडलं ते लोकरीची कानटोपी हेल्मेटखाली घालायच्या अटीवर. टोपी तिने स्वतः विणली होती आणि कानांवर दुहेरी वीण घातली होती. पहिल्या दिवशी सकाळी ती डोक्यावर बघून जुळ्यांना हसू आवरेना.

"वरच्या, तुला आमचं ऐकू येतं का?"

"काय?"

"नाही येत," दुसरा जुळा म्हणाला. "छान. आता याच्याबद्दल..."

"...मोकळेपणाने बोलता येईल."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी, डोंगर समोर दिसत असताना, वरच्याच्या मागच्या चाकाची हवा गेली. चष्मेवाला कामाला लागला. चाक फ्रेमला धरून ठेवणारा खटका सोडून त्याने चाक काढलं, ट्यूब बदलली, हवा भरली. चाक परत बसवताना त्याचा एक नेम असायचा. खटका आवळला की सायकल उचलायची, चाक एकदा हाताने फिरवायचं आणि ब्रेकच्या दोन्ही रबरांमधून ते सरळ जातंय ना, हे डोळ्यांनी बघायचं. पण पीटीबाईची शिट्टी वाजत होती आणि जुळ्यांची तोंडं चालू होती.

"चष्मेवाले, पंक्चर काढताय की नंबर?"

"मधल्या ओळीतलं अक्षर वाचा म्हणतील आता."

"झालं, झालं," चष्मेवाला म्हणाला. त्याने खटका आवळला आणि सायकल वरच्याच्या हातात दिली. चाक फिरवून बघायचं राहिलं.

चढ लागला. पहिल्या वळणापर्यंत चष्मेवाला नेहमीसारखा वरच्याच्या मागे होता, आणि तिथेच त्याला तो आवाज ऐकू आला. सुर्र. मग जरा शांत. मग पुन्हा सुर्र. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. चाक तिरकं बसलं होतं. सायकल हातात धरून नेताना कळलं नसतं. बसून जोर लावला की चाक किंचित कलायचं आणि एका बाजूचं रबर त्याला घासायचं. वरचा सगळा चढ अर्धवट दाबलेल्या ब्रेकवर चढत होता. दुहेरी विणीतून त्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

काच फ्रेममध्ये जराशी तिरकी बसली की गिऱ्हाईक दिवसभर डोकं धरून बसतं आणि दोष आपल्या डोक्याला देतं. चष्मेवाला हे दुकानात नेहमी बघायचा. काय झालंय हे त्याला तिथल्या तिथे कळलं. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. दोन मिनिटांचं काम.

पण थांब म्हटलं असतं तर पुढे गेलेले तिघं थांबले असते. चष्मेवाल्याने चाक वाकडं बसवलं ही गोष्ट जुळ्यांना वर्षभर पुरली असती. वर जाऊन सांगू, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात वरच्याचा वेग आणखी कमी झाला, चष्मेवाल्याची सायकल आपोआप त्याच्या बरोबरीला आली आणि मग पुढे गेली.

वरच्याच्या पुढे जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ. मागे वळून बघावं आणि वरचा खाली, दुसऱ्या वळणावर, मान घालून पायडल मारताना दिसावा, हे त्याने कधी अनुभवलं नव्हतं. आपले पाय चांगले चालताहेत असं त्याला वाटलं. वर्षभर केलेली मेहनत फळाला आली, असंही वाटलं. सुर्र आवाज आता मागे राहिला होता. ऐकू येत नव्हता, म्हणजे तो नव्हताच अशी मनाची समजूत घालणं सोपं गेलं.

माथ्याच्या अलीकडच्या टप्प्यावर पीटीबाई पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

"अगंबाई! चष्मेवाले पुढे? आज सूर्य कुठून उगवला?"

"डोंगरामागून," एक जुळा म्हणाला.

"...पण चष्मा लावून," दुसऱ्याने पुरं केलं.

चष्मेवाला हसला. आत्ता सांगायचं होतं. पण सूर्य कुठून उगवला असं कुणी विचारल्यावर, "तो मीच वाकडा बसवलाय" असं कोण सांगतं? वरचा बऱ्याच वेळाने पोचला. चेहरा तांबडालाल, टोपी घामाने भिजलेली. सायकलीवरून उतरल्यावर तो हँडलवर डोकं टेकून उभा राहिला.

"बरा आहेस ना?" चष्मेवाल्याने विचारलं.

वरच्याने टोपी कानावरून वर केली. "काय?"

"बरा आहेस ना म्हटलं."

"श्वास ठीक आहे रे," वरचा म्हणाला. "पायच नाहीत. पाय कुठे गेले कळत नाही."

श्वास ठीक आहे! छाती आपलं काम करत होती; परीक्षा पास होत होती; आणि वरच्याला ते दिसत नव्हतं. आता सांगायला हवं, असं चष्मेवाल्याला पहिल्यांदाच नीट वाटलं. पण आता सांगायचं म्हणजे इतका वेळ का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. थोड्या वेळापूर्वी जी चूक होती तिला आता दुसरंच नाव आलं होतं. पीटीबाईने शिट्टी फुंकली. चढाचा उरलेला तुकडा सगळ्यात उभा होता. चष्मेवाला सायकलीवर बसला आणि पुढे निघाला, कारण मागे राहिलं असतं तर तो आवाज ऐकावा लागला असता.

माथ्यावर आयोजकांनी मंडप टाकला होता. केळी, साखरपाणी, बसायला बाकं. वरचा आला तो शेवटचे काही हात सायकल ढकलत. त्याने ती कुंपणाला टेकवली, बाकावर बसला आणि बूट सोडायला लागला.

"बूट कशाला सोडतोस?" पीटीबाईने विचारलं.

"मी गाडीत बसतो."



"माफ करा," वरचा म्हणाला. "तुमची सगळ्यांची फेरी बुडवतोय. पण मला माझं कळलं. सोमवारचं उत्तरही कळलं. हे शरीर आता तिथे वर न्यायचं नाही." मग त्याने चष्मेवाल्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "तू छान चढलास रे. मी बघत होतो मागून. तुझ्या पायांत एवढं बळ आहे हे कधी बोलला नाहीस."

चष्मेवाल्याला तोंड कुठे लपवू असं झालं. जुळ्यांपैकी एकाने वरच्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघांपैकी कुणीही काही विनोद केला नाही. चष्मेवाल्याला ते जास्त लागलं.

"तोंड धुऊन ये आधी," तो वरच्याला म्हणाला. "पुढे सगळा उतार आणि सपाटी आहे. वारा पाठीमागून आहे. तोंड धू, मग ठरव."

वरचा नळाकडे गेला. पीटीबाई आणि जुळे केळी घ्यायला टेबलाकडे गेले. चष्मेवाला कुंपणापाशी गेला, खाली वाकला, खटका सोडला, चाक सरळ केलं, खटका आवळला. सायकल उचलून चाक फिरवलं. ते दोन्ही रबरांमधून आवाज न करता फिरत राहिलं, बराच वेळ. त्याने हात लावून ते थांबवलं, कारण वरचा परत येत होता.

चूक दुरुस्त झाली होती, चोरासारखी का होईना. आता याला सायकलीवर बसवलं की झालं, असा त्याचा हिशोब होता. मग तो बोलत सुटला. शाळेतल्या शर्यतींच्या आठवणी काढल्या, तू नसलास तर मीही गाडीत बसतो अशी धमकी दिली, पीटीबाईला मध्ये घेतलं. "मी तुझ्या मागेच राहतो, एक हातसुद्धा लांब जाणार नाही," असं म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. वरच्याने शेवटी बूट बांधले.

पुढचा रस्ता सोपा गेला. सायकली वाऱ्यावर चालल्यासारख्या चालल्या, वरचा मध्येच शीळ घालायला लागला आणि पाचही जणांनी वेळेच्या आत, एका ओळीत, रेघ ओलांडली. टाळ्या झाल्या. कुणीतरी गळ्यात पदकं घातली. वरच्याची बायको गाडी घेऊन आली होती. तिने आधी नवऱ्याची टोपी चाचपून पाहिली, मग त्याला मिठी मारली.

पीटीबाईने लांब शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि चष्मेवाल्याला एका पायरीवर उभं केलं.

"आज टीम कुणामुळे पूर्ण झाली?"

"याच्यामुळे," वरचा म्हणाला. "मी गाडीत बसलो होतो जवळजवळ. याने ओढून काढलं. आपला माणूस म्हणजे..." त्याला पुढे बोलता येईना आणि त्याचं वाक्य जुळ्यांनाही पुरं करता येईना. ते नुसते टाळ्या वाजवत राहिले. पायरीवर उभा राहून चष्मेवाला चष्मा पुसत होता. पुसून झाला तरी पुसत होता.

"भाऊजी, तुमचे उपकार आहेत," तो पायरीवरून उतरल्यावर वरच्याची बायको त्याला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "यांना आणलंत नीट. आणि आता टेबलाचंही ठरलं म्हणतात. माझा जीव भांड्यात पडला."

"टेबलाचं?" चष्मेवाला म्हणाला. "पण तो तर इथपर्यंत... शेवटी केवढ्या जोरात आला..."

"उतारावर सगळेच जोरात येतात," वरचा म्हणाला. "परीक्षा चढाची होती. ती मला कळली." बायको गाडी जवळ आणायला गेली, तसा त्याने खिशातून फोन काढला. "मुकादमाला आत्ताच सांगून टाकतो. सोमवारपर्यंत मन फिरायला नको."

चाक सरळ केल्याने काहीच सरळ झालेलं नव्हतं. आणि गप्प बसायला आता एक चांगलं कारणही होतं. वहिनीला हेच हवं होतं. टेबलावर बसलेला माणूस शिडीवरून पडत नाही. चष्मेवाल्याने त्या कारणाकडे क्षणभर बघितलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. डोंगरावरही त्याच्याकडे दर वळणाला असंच एक चांगलं कारण तयार होतं.

"फोन करू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"तुझं चाक घासत होतं. मागचं. पंक्चरनंतर मी तिरकं बसवलं. सगळा चढ तू ब्रेक लावून चढलास."

वरच्याने फोन खाली केला. त्याने सायकलीकडे बघितलं, मग पुन्हा याच्याकडे.

"आता नाही घासत."

"मंडपात सरळ केलं. तू तोंड धुवायला गेलास तेव्हा."

"तेव्हा कळलं तुला?"

इथे "हो" म्हणता आलं असतं. वरचा विश्वास ठेवायला तयार होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "पहिल्या वळणावर."

वरच्याने कानटोपी काढली आणि हातात घेऊन ती पिळत राहिला.

"पुढे असताना बरं वाटलं का?"

"हो."

"किती वेळ?"

"वरपर्यंत."

"मलाही वाटायचं," वरचा म्हणाला. "इतकी वर्षं मी पुढे असायचो, तू मागून यायचास, बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? पण तुझा ब्रेक मी कधी धरून ठेवला नव्हता."

गाडी आली. दोन्ही सायकली टपावर चढवल्या गेल्या. तिघांनी बरोबर परतायचं आधीच ठरलं होतं आणि ते बदलायला कुणाला सुचलं नाही. वरच्याची बायको चालवत होती, वरचा तिच्या शेजारी, चष्मेवाला मागे. काही अंतर गेल्यावर वरचा म्हणाला, "मी सोमवारी वर जातोय."

तिने गाडीचा वेग कमी केला. "आत्ता तर टेबल म्हणालात."

"चढावर चाक घासत होतं. छाती ठीक आहे माझी."

"मग कुणी सांगितलं नाही ते?"

वरचा खिडकीबाहेर बघत राहिला. उत्तर त्याने मागच्या सीटसाठी ठेवलं होतं.

"मला माहीत होतं, वहिनी," चष्मेवाला म्हणाला. "मी सांगितलं नाही."

आरशात तिचे डोळे त्याच्यावर आले. तासाभरापूर्वी याच डोळ्यांत त्याच्यासाठी पाणी होतं.

"चढावर सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "मग आत्ता कशाला सांगितलंत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं चष्मेवाल्याला वाटलं होतं. ते ओझं आता तिच्या मांडीवर होतं, आणि सोमवारपासून रोज सकाळी, नवरा शिडीला हात लावेल तेव्हा, तिला ते उचलावं लागणार होतं.

"मला इथेच सोडा, मी बसने जातो," तो म्हणाला.

"घरापर्यंत सोडतो," वरचा मागे न बघता म्हणाला. "सायकल खाली घ्यायला दोघं लागतात."

चष्मेवाल्याच्या घरापाशी ते दोघं उतरले. एकाने पुढचं टोक धरलं, दुसऱ्याने मागचं, आणि सायकल सावकाश खाली आली. इतकी वर्षं हे काम ते बोलत बोलत करायचे. वरच्याचा श्वास एकदाही वर झाला नाही. चष्मेवाल्याने ते मोजूनमापून ऐकलं.

"सोमवारी मी येऊ का?" तो म्हणाला. "तू चढशील तेव्हा. खाली उभा राहीन."

"कशाला?" वरच्याने विचारलं.

त्याने टोमणा मारला नव्हता. उत्तरासाठी तो दार धरून थोडा थांबलाही. चष्मेवाल्याने एक एक कारण मनात उचलून पाहिलं आणि प्रत्येक कारण स्वतःसाठीच निघालं. शेवटी त्याने 'काही नाही' अशी मान हलवली. वरचा गाडीत बसला, आणि दार लावण्याआधी त्याने पायाशी पडलेली टोपी उचलून बायकोच्या हातात दिली.